पाठमोरी सूर्यफुलं

दुपारी बारा वाजता शिवरुद्र आप्पा मांडवातल्या मधल्या लाल खुर्चीवर बसले. साहेबांना इथून शेत कसं दिसेल, ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी पाहिलं आणि ते ताडकन उभे राहिले. समोर दोन एकर सूर्यफूल फुललं होतं आणि त्यातल्या एकूण एक फुलाची त्यांच्याकडे पाठ होती. पिवळा रंग औषधालाही दिसत नव्हता.

"अजून बाराच वाजायलेत," ते स्वतःला म्हणाले. "वळतील."

वळायलाच हवं होतं. साडेचार वाजता तालुक्याचे कृषी अधिकारी राणीसावरगावच्या या शेतात येणार होते. पीक पाहून त्यांचं समाधान झालं, तर गावातल्या बायकांच्या गटाला तेलघाणा मिळणार होता. आप्पांच्या पत्नी चन्नबसम्मा त्या गटाच्या अध्यक्ष. ज्वारी, हरभरा, तूर यांच्या जोडीला त्यांनीच हट्टानं यंदा सूर्यफूल पेरायला लावलं होतं. मांडव मात्र आप्पांनी घातला होता, रस्त्याच्या कडेला, म्हणजे शेताच्या पश्चिमेला. पत्रिकाही त्यांनीच लिहिली होती: 'दिवस मावळतीकडे कलताच सर्व सूर्यफुले पाहुण्यांकडे तोंड करून त्यांचे स्वागत करतील.'

हे त्यांनी मनानं लिहिलं नव्हतं. झाडं गुडघ्याएवढी होती तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचे शेंडे पश्चिमेला कललेले आप्पांनी डोळ्यांनी पाहिले होते. फुलं उमलल्यापासून मात्र ते सकाळीच शेतात येत. हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून फिरवत, म्हणजे दाणे नीट भरतात. तेव्हा फुलं पूर्वेकडे पाहत असत आणि सूर्यही तिकडेच असे. संध्याकाळी आप्पा पत्रिका वाटत हिंडत.

एक वाजता चन्नबसम्मा पाण्याची कळशी घेऊन आल्या.

"अवो, वळली का?"

"वळायलीत हळूहळू."

"मला तर एकबी हलल्यालं दिसंना."

"तुला लय घाई. झाड हाय ते, मोटरसायकल न्हाई."

दोन वाजले. सूर्य मांडवाच्या बाजूला आला, फुलं जागची हलली नाहीत. तेवढ्यात विष्णुपंत गुरुजी काठी टेकत आले. वय पंच्याऐंशी, पण कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आप्पाही.

"गुरुजी, तुमीच चौथीत शिकवलं न्हवं का, सूर्यफूल सूर्याकडं वळतं म्हणून?"

"शिकवलं की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "झाड वाढीला लागलेलं असतं तोवर वळतं. फूल पुरतं उमललं की मान ताठ होते. मग ते जन्मभर पूर्वेकडंच बघतं."

"हे कधी शिकवलं तुमी?"

"तो धडा पाचवीला होता. तू चौथीतून शाळा सोडलीस."

आप्पांनी पुढचं ऐकलं नाही. ते पहिल्या ओळीत शिरले, एक फूल दोन्ही हातांत धरलं आणि पोराचं तोंड न्हाव्याकडे वळवावं तसं हळूच वळवलं. कट् असा आवाज झाला. फूल त्यांच्या हातात राहिलं. दुसऱ्याला त्यांनी सुतळी बांधून ओढ दिली. तेही मोडलं. तिसऱ्याकडे हात जाताच चन्नबसम्मा आडव्या आल्या.

"पाव्हण्यांसाठी माना मोडत बसणार हाव का? दाणे तेलाला लागतेत, का तुमच्या पत्रिकेला?"

"मग काय करू? साहेबाला पाठ दाखवू?"

"पूर्वेच्या बांधावरून बघितलं की झालं," गुरुजी म्हणाले.

पूर्वेच्या बांधापलीकडे विरेशचं रान होतं. विरेश आप्पांचा धाकटा भाऊ. बांधावरच्या एका बोरीवरून दोघांत अकरा वर्षं अबोला होता. बोर कुणाची ते ठरलं नाही, म्हणून दोघंही बोरं खात नसत. पोपट खात. पत्रिका साऱ्या गावाला गेली होती, फक्त विरेशला गेली नव्हती.

"मी जाऊ का भावजींकडं?" चन्नबसम्मांनी विचारलं.

"तू गेलीस तर त्याला वाटंल, मीच पाठवलं."

"मग पाठवाच की!"

"न्हाई."

सव्वातीनला आप्पांचा फोन वाजला. साहेब होते. "आम्ही गंगाखेड सोडलं. थोडे लवकरच पोचतो."

गटाच्या बाकीच्या बायका नवी लुगडी नेसून रस्त्यानं येताना दिसत होत्या. त्यांच्याकडे एकदा पाहून चन्नबसम्मा मटकन खुर्चीत बसल्या. आप्पांनी ते पाहिलं, टोपी सारखी केली आणि ओळींमधून पूर्वेकडे चालू लागले. जाताना दोन्ही बाजूंची फुलं त्यांच्याआधी विरेशच्या रानाकडे पाहत होती. अकरा वर्षांनी बोलायचं तर पहिला शब्द कोणता, हे काही त्यांना सुचेना.

बांधावर पोचले आणि ते थबकले. पलीकडची तूर काढून झाली होती. तुराट्या एका कडेला रचल्या होत्या, रान खराट्यानं झाडून त्यावर पाणी शिंपडलं होतं. मधोमध विरेश कमरेवर हात ठेवून उभा.

"किती खुर्च्या मावतेत म्हणतूस, अण्णा?"

"तुला... कसं कळलं?"

"आठ दिस झाले. सकाळी बघावं, तुझी समदी फुलं माझ्याकडं तोंड करून. दुपारी तसंच, दिवस बुडतानाबी तसंच. म्हणलं, अण्णा स्वतः बोलंना, फुलांकडून निरोप धाडायलाय. मी तरी एकट्यानं किती दिस तोंड फिरवून बसावं?"

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग एकदम ओरडले, "आता बोलत काय बसलास? खुर्च्या उचल!"

ऐंशी खुर्च्या हातोहात शेत ओलांडून आल्या. शेवटची टेकली आणि रस्त्यावर जीप थांबली. साहेब समोर बसले तेव्हा दोन एकर पिवळंधमक शेत त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं. पश्चिमेचं ऊन मात्र थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. साहेब सलाम करायलेत असं वाटून मागच्या चार रांगांनी उठून उलटा सलाम केला.

"पीक उत्तम आहे. घाण्याला आमची मंजुरी," साहेब म्हणाले आणि चन्नबसम्मांच्या गटानं टाळ्यांचा कडकडाट केला. "बसायची जागाही अभ्यास करून निवडलीत. पण रस्त्याकडेला तो रिकामा मांडव कशाला?"

आप्पा विरेशकडे बघू लागले.

"तुमची जीप सावलीत लावायला, साहेब," विरेश म्हणाला आणि बोरांची पाटी त्यांच्यापुढे धरली.

पाहुणे गेल्यावर गुरुजींनी विरेशला बाजूला घेतलं. "काय रे, तू तर पाचवीत होतास. फुलं पूर्वेकडं का बघतात, तो धडा मी तुला शिकवलाय."

विरेशनं एकवार आप्पांकडे पाहिलं. ते बोरीखाली उभे राहून पडलेली बोरं टोपीत गोळा करत होते.

"त्या दिवशी मी गैरहजर होतो, गुरुजी," तो म्हणाला.