चांगदेवच्या रेड्याने दोर तोडला तिथे

अमिषाने अर्धी भाकरी पानात ठेवली आणि घड्याळ पाहिलं, तेव्हाच चांगदेवला कळलं की नात बाराच्या लाँचने मुंबईला परत निघणार. सकाळी नऊला ती रेवसच्या धक्क्यावर उतरली होती, आणि तीही आजोबांसाठी नव्हे, डब्यासाठी.

हा डब्याचा खेळ मोठा मजेशीर. कुणीतरी दगडाखाली डबा लपवायचा आणि जागेची खूण मोबाइलवर टाकायची. दुसऱ्याने तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. मिळतं काय, तर काही नाही. चांगदेवला हे एकदम पटलं. जन्मभर त्याने गप्पा मारल्या, त्याही काही मिळावं म्हणून नाही.

"थांब की सांजपर्यंत," तो म्हणाला.

"थांबून काय करू, आबा? तुमच्या भागात डबा एकच. तो सापडला. सगळे नुसते शोधत फिरतात, नवीन लपवत कुणीच नाही." चप्पल घालता घालता ती म्हणाली, "तुम्हीच लपवा ना एखादा. मी येईन शोधायला." आणि जाता जाता तिने त्याच्या फोनवर त्याच्या नावाचं खातं उघडून दिलं.

चांगदेवने अलिबागहून घट्ट झाकणाचा डबा आणला, कोरी वही आणली आणि खारबंदीवर गेला, म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर. जागेची खूण टाकली. शोधणाऱ्यांना मदत म्हणून एक ओळ लिहायची असते, ती लिहिली: 'चांगदेवच्या रेड्याने दोर तोडला, तिथून खालच्या अंगाला.' मग डबा ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पोर हुशार. तासाभरात शोधील आणि बाराची लाँच पकडील. त्याने डबा बगलेत मारला, घरी आणला आणि तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिला.

पुढच्या रविवारी अमिषाने उन्हं डोक्यावर येईपर्यंत बांध धुंडाळला. डबा सापडला नाही. मग निवांत जेवली, पंख्याखाली पडली आणि शेवटच्या लाँचने गेली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आली. चांगदेवने खाडीतल्या जिताड्या माशाचं कालवण करवून ठेवलं होतं.

पण एखादी गोष्ट सापडत नाही म्हटलं की तिची कीर्ती होते. पनवेलचं डॉक्टर जोडपं आलं, पुण्याहून तिघे आले. त्यांना रेडा काय ठाऊक? ते धक्क्यावर चांगदेवच्या भावजयीला, सखुबाईला, तिच्या चहाच्या टपरीवर विचारू लागले. ती म्हणाली, दोर तोडला तो शाळेमागे. शेजारचा धर्मा म्हणाला, तोडला कुठला, दोरच कुजका होता. आणि खुद्द चांगदेवला विचारलं, तर रेडा पोहत खाडीपलीकडच्या करंजा बंदराला कसा गेला आणि येताना तिकीट काढून लाँचने कसा परत आला, हे तो असं सांगे की लोक डबा विसरून जात.

पुण्याचा एकजण मात्र विसरला नाही. त्याने कुदळ आणली आणि बांधाला हातभर भोक पाडलं. उधाण दोन दिवसांवर आलेलं. धर्मा दारात येऊन उभा राहिला.

"दादा, तुझ्या डब्यापायी बांध फुटून खांड पडली, तर माझं शेत खारं व्हईल. काढ तो डबा."

नसलेला डबा काढायचा कसा? चांगदेवने स्वतः दहा घमेली माती टाकून भोक बुजवलं आणि कंबर धरून घरी आला, तोच अमिषाचा फोन. लोकांनी तक्रारी केल्या होत्या. डब्याच्या मालकाने जाऊन तो जागेवर आहे की नाही ते बघावं, नाहीतर खेळातून काढून टाकतील. रविवारी ती स्वतःच बरोबर येणार होती.

डबा गेला की रविवार गेले. रविवारी पहिली लाँच लागायच्या आत चांगदेव बांधाखालच्या करंजाच्या झाडाशी पोचला आणि त्याच्या मुळांमधल्या दगडाआड डबा सरकवला. नेमकी सखुबाई तिथून येत होती.

"भावोजी, काय ठेवता?"

"ठेवतोय कुठं? बघतोय, हाय का न्हाय ते."

अमिषा आली आणि तिने पाच मिनिटांत दगड बाजूला केला. डबा हातात फिरवून पाहिला.

"दोन महिने बांधाखाली राहून डब्याला माती लागली नाही, आबा."

"चांगल्या कंपनीचा हाय."

वही कोरी असणार याची चांगदेवला काळजी नव्हती. कुणाला सापडलाच नाही, तर लिहील कोण? अमिषाने वही उघडून त्याच्यापुढे धरली. पहिल्या पानावर 'अमिषा' लिहिलं होतं. खाली परत 'अमिषा'. एकाखाली एक आठ वेळा, आणि प्रत्येक नावापुढे एकेका रविवारची तारीख.

"पहिल्याच दिवशी भातासाठी तांदूळ काढायला गेले होते," ती म्हणाली. "नियमच आहे ना, नाव लिहायचं आणि होता तिथे ठेवायचा."

चांगदेवने बोट फिरवत आठही तारखा मोजल्या. अमिषाने डबा परत दगडाआड नीट बसवला.

"हा आता बाहेरच्यांसाठी राहू दे. माझ्यासाठी नवीन लपवा, आबा. घरातच लपवा. फक्त जरा अवघड."