कपाटाचा डावा कोपरा

सकाळी ऑफिसला निघताना शर्ट सापडत नाही, हे माझं जुनं दुखणं. कपाट गच्च भरलेलं, पण मी घालतो ते तीनच शर्ट. (बाकीच्यांची बटणं पोटावर लागत नाहीत, हे मी आरशाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.) म्हणून एका रविवारी मी जाहीर केलं, "आजपासून कपाट माझ्या सवयीप्रमाणे लागणार. रोजचं ते हाताशी, बाकीचं मागं."

"माझ्या वस्तूंना हात लावू नका म्हणजे झालं," एवढं बोलून करुणा भाजी आणायला गेली.

पण नवऱ्याच्या अंगात एकदा व्यवस्थितपणा संचारला की तो आवरत नाही. वरच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात, औरंगपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानाचा खोका होता. आत कोरा शर्ट. तो काही मला रोज लागणार नव्हता. मी तो मागं ढकलला आणि त्याच दुकानाच्या एका रिकाम्या खोक्यात माझा लाडका निळ्या चौकड्यांचा शर्ट, चुरगळू नये म्हणून, घडी घालून तिथं ठेवला. अख्ख्या गारखेड्यात असं कपाट नसेल, या समाधानात दुपारी मस्त झोपलो.

कोरा शर्ट होता पाचोडच्या काकासाहेबांसाठी. हे करुणाचे मामा. वडिलांमागं त्यांनीच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. पण गेल्या वर्षी एका लग्नात आम्ही त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि तो टॉवेल त्यांनीच आम्हाला दिलेला निघाला. तेव्हापासून मामा फोन उचलत नव्हते. करुणा दर सणाला फोन लावायची आणि रडायची. अखेर त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं दहा दुकानं पालथी घालून, शेवटी नेहमीच्याच दुकानातून तो शर्ट आणला होता.

वास्तुशांतीला निघायच्या गडबडीत तिनं न बघता डाव्या कोपऱ्यात हात घातला. तिच्याही हाताला सवयी असतील, हे माझ्या योजनेत बसलंच नव्हतं.

मामांकडं आहेर चारचौघांत उघडतात. त्यांनी झाकण काढलं, शर्ट वर धरला. कॉलर विरलेली, मधलं बटण गायब.

"करुणा," मामा म्हणाले, "टावेल तरी कोरा व्हता."

करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. धरणी पोटात घेईल म्हणून थांबलो, पण तीही मामांकडचीच निघाली.

"मामा, हा शर्ट माझा आहे," मी म्हणालो. "तिची काही चूक नाही. मी कपाट लावलं आणि..."

तेवढ्यात शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी मामांच्या मांडीवर पडली.

"अहो, तुम्ही तर संक्रांतीला सोडली होती ना?" करुणाचं रडू जागच्या जागी थांबलं.

मामांनी सत्यभामा मामीकडं चोरून पाहिलं आणि पुडी मुठीत झाकली. मग माझ्या कानाशी लागले. "सत्यभामानं लई दिस झाले, घरात चिमूट येऊ दिली नाय. पावणं, चुना हाय का?"

"पँटच्या खिशात."

मामांचा चेहरा खुलला. त्यांनी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नगं पोरी. औंदा आहेर मनासारखा दिलास."

मामा-भाचीचं पुन्हा जुळलं. कोरा शर्ट मी पुढच्या रविवारी पाचोडला पोचवला आणि माझा परत घेऊन आलो.

कपाट आता पुन्हा करुणाच्या सवयीप्रमाणे लागलं आहे. मला दाराआड एक खिळा मिळाला. तीन शर्ट, एक खिळा, त्यामुळं शोधाशोध संपली. फक्त माझ्या सगळ्या शर्ट-पँटींचे खिसे तिनं शिवून टाकलेत, म्हणून ऑफिसात पेन कानावर खोचून बसतो. काल एक आजी कामासाठी आल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कानावरच्या पेनाशी त्यांची नजर थांबली आणि त्या म्हणाल्या, "मिस्त्री, कपाटाचं दार लागत नाय आमच्या. कवा येता?"