अण्णांचं अंथरूण

हॉटेलात बसल्याबसल्या आमचे अण्णा वेटरला पहिला प्रश्न विचारतात, "हॉल्ट किती?" वेटर मेनूकार्डात हॉल्ट शोधू लागतो आणि मीनल, म्हणजे माझी बायको आणि अण्णांची एकुलती लेक, कपाळाला हात लावते.

अण्णा रेल्वेत एसी डब्याचे अटेंडंट होते. एकतीस वर्षं लांबच्या गाड्यांत प्रवाशांना चादरी-उशा द्यायच्या आणि ज्याचं स्टेशन येईल त्याला हलवून उठवायचं, ही नोकरी. जेवण प्लॅटफॉर्मवर, उभ्याने, गाडीचा हॉल्ट, म्हणजे थांबा, असेल तेवढ्या वेळात. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या घरात आजही ते एक डोळा दरवाजाकडे ठेवून चार मिनिटांत ताट संपवतात. आमचा तिसरा मजला आता सुटणार आहे अशी त्यांची समजूत असावी.

हे खपून गेलं असतं. झोपेचं काय करायचं? रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी अण्णा दर तासाला उठून बसतात. एकदा माझा खांदा हलवून म्हणाले, "जावईबापू, भुसावळ." मी अर्धवट झोपेत बॅग शोधू लागलो. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, काशाच्या वाटीने तळपाय चोळून झाले. फरक शून्य. शेवटी मीनल हट्टाला पेटली. "अण्णांना एकदा तरी सलग झोपलेलं बघायचंय मला," म्हणत तिने थायलंडची तीन तिकिटं काढली. नवी जागा, आराम वगैरे.

बँकॉकमध्ये अण्णांनी आरामाची पार वाट लावली. फुटपाथवरच्या गाड्यांवर उभ्याने खायचं, ही सोय त्यांना भलतीच आवडली. शेवयांचा रस्सा, केळीच्या पानातला भात, काडीला टोचून भाजलेला मासा, सगळं चारचार मिनिटांत. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा घास घेताच मात्र थबकले आणि मीनलला म्हणाले, "चेडवा, ह्येच्यात सोडे आसत गो!" खूश होऊन त्यांनी त्या गाडीवालीला कणकवलीतल्या घराचा पत्ता सांगितला. तिनेही तिच्या भाषेत काहीतरी सांगून सुकवलेल्या कोळंबीचे आणखी चिमूटभर सोडे वर घातले. पण हॉटेलच्या खोलीत पुन्हा तेच, दर तासाला पलंगावर उठून बसलेले अण्णा. मीनल हिरमुसली.

पुढे चिआंग माईला जायला स्लीपर गाडी होती. "रेल्वेच्या माणसाला रेल्वेत झोपवायला निघालीस? धन्य आहे यार तुझी," मी म्हणालो.

संध्याकाळी सातच्या सुमारास डब्याचा अटेंडंट आला. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर विरळ केस. सीट ओढून त्याने बर्थ केला, गादी टाकली, चादर झटकली. अण्णा ताडकन उठले आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चारी कोपरे एकही सुरकुती न पडता बसले. अण्णा उशीला अभ्रा घालायला लागले, तेव्हा मात्र त्या माणसाने उशी हळूच काढून घेतली आणि गादीवर हात थोपटला. बसा.

अण्णा कडेला टेकले. "जावईबापू, हजारो लोकांची अंथरुणं घातली मी," ते म्हणाले. "गाडीत माझं कुणी घातलं नव्हतं." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

तो माणूस निघाला, तर त्याचा हात धरून अण्णांनी सरळ मालवणीत विचारलं, "जेवलंस काय रे?" त्याला कळलं नाही. अण्णांनी आपल्या जेवणाचा डबा त्याच्या हातात ठेवला. हे कळलं. त्याने हात जोडले, अण्णांचं तिकीट पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि अण्णांच्या खांद्यावर थोपटलं. उठवायची जबाबदारी माझी. मग पडदा ओढून गेला.

अर्ध्या तासात पडद्यामागून घोरणं सुरू झालं. मीनल किती वेळा कान लावून आली, विचारू नका.

सकाळी त्याने एकेकाची गादी आवरली. अण्णांची मात्र सगळ्यात शेवटी ठेवली. चिआंग माईचा प्लॅटफॉर्म आला, लोक सामान घेऊन उतरू लागले. तो अण्णांना उठवायला पडद्यापाशी आला, आत घोरणं चालूच होतं; त्याने हात पुढे केला आणि मीनलचा चेहरा पाहून तसाच थांबला.

"अगं, स्टेशन आलं!" मी म्हणालो.

"थांब ना," ती डोळे पुसत म्हणाली. "शेवटचंच आहे. गाडी पुढे कुठे जाणार आहे?"