पाठमोरं वृंदावन

"यंदा आपली तुळस तेलाच्या डब्यात उभी राहणार नाही," असं रामदासने गणपतीतच जाहीर केलं होतं, आणि तेही सार्वजनिक नळावर. म्हणजे सगळ्या चाळीला एकदमच कळलं.

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या माळ्यावरचं तुळशीचं लग्न दर साली रामदासच्या दारात लागायचं. आणि दर साली शेजारच्या कमळाकाकी म्हणायच्या, "नवरी बरी आसा, पण डबो गंजलो." रामदासची बायको बकुळा त्यांच्यासमोर हसून साजरं करायची आणि मग दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही.

रामदास कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, पण बोटांत कला होती. त्याने विटा आणल्या, सिमेंट आणलं, इराण्याकडून फुटक्या कपबश्या मागून आणल्या. वृंदावन गॅलरीतच बांधायचं होतं. पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शेजारच्या लवूने मोर्च्यासाठी कापडी फलक रंगवून गॅलरीभर वाळत घातलेले. तिथे सिमेंट कालवलं असतं तर लवूने रामदासलाच वाळत घातलं असतं.

"घरातच बांधतो आणि बाहेर काढतो," रामदास म्हणाला. "दाराचं माप घेतलंय."

माप घेतलं होतं खरं, पण जुळवलं होतं नुसत्या विटांशी. गिलावा त्यात धरला नव्हता.

वृंदावन मात्र देखणं झालं. पुढच्या अंगाला कपबश्यांच्या तुकड्यांचा निळा-हिरवा मोर, पिसारा फुलवलेला. बाकी तीन बाजू साध्या. पैसे आणि कपबश्या, दोन्ही मोरातच संपले होते.

लग्नाच्या दिवशी बकुळाने त्यात माती भरली, तुळस लावली आणि ती गॅलरीत रांगोळी काढायला गेली. लवू चार गडी आणि दोर घेऊन आला. ते बाहेरून ओढणार, रामदास आतून रेटणार.

"मोर घासला जाईल. पाठ पुढे काढा," रामदासने बजावलं.

पाठ पुढे निघाली. अर्धं वृंदावन उंबऱ्याबाहेर गेलं आणि थांबलं. चौकटीला खोबरेल लावलं, पुन्हा जोर केला. वृंदावन वीतभर सरकलं आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसं घट्ट बसलं. आता ते पुढेही येईना, मागेही जाईना.

"तू आधी बाहेर ये, मग बघू," लवू म्हणाला.

"येऊ कुठून?"

खोलीला दार एकच आणि खिडकीला गज. रामदासने वृंदावनावरून यायला पाय उचलला, तेवढ्यात पलीकडून बकुळाचा आवाज आला, "पाय खाली घ्या. लग्नाची नवरी आहे ती."

त्याने पाय खाली घेतला.

भटजी आले. त्यांना पुढे परळला जायचं होतं, ते थांबायला तयार नव्हते. नवरदेव बाळकृष्ण आत देव्हाऱ्यात होता, तेव्हा त्याला हातात धरून रामदास आतून उभा राहिला. अंतरपाटाचं धोतर त्याने सिमेंटच्या पाट्या झाकायला वापरून टाकलेलं. शेवटी लवूने आपला एक फलक दिला. त्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'झालाच पाहिजे'.

भटजींनी तो चष्म्यातून नीट वाचला. "विवाहाला योग्यच आहे," म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू केली.

लग्न लागलं. अक्षता तुळशीवर थोड्या आणि रामदासच्या डोक्यावर पुष्कळ पडल्या. फलक बाजूला झाला तेव्हा चाळीला दिसली ती करड्या सिमेंटची सपाट पाठ. आत निरांजनाच्या उजेडात मोर नुसता झळाळत होता, आणि बघायला एकटा रामदास.

"चौकट सकाळी काढू," असं म्हणून गडी निघाले. लोक ऊस आणि चुरमुरे घेऊन पांगले. कमळाकाकी तेवढ्या मागे राहिल्या. त्यांनी वृंदावनाच्या पाठीवरून हात फिरवला. बकुळा काकींच्या तोंडाकडे बघत होती.

"बरा केलंस रे रामदासा," काकी म्हणाल्या. "साधाच ठेवलंस. हल्ली लोक नुसतो देखावो करतत."

तुळशीच्या पानांमागून रामदासचा केविलवाणा आवाज आला, "काकी, फुडची बाजू आत रवली."

"आसांदे रे," काकी निघता निघता म्हणाल्या. "फुडची काय वेगळी आसतली?"