खेळी क्रमांक सदतीस

जे आधी सांगता येत नाही त्याला शास्त्र म्हणत नाहीत. आणि जे नंतर सांगता येत नाही असं या जगात काहीच नसतं. ओहायो नदीच्या काठावरच्या होल्सबर्ग गावाने यातलं दुसरं वाक्य चांगलंच अंगी बाणवलं होतं. पहिल्याची तिथे अडचण होती, आणि त्या अडचणीचं नाव एल्डन क्रुपा.

एल्डन क्रुपा (वय एक्केचाळीस, धंदा घरोघरच्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा, डावा गुडघा दोनदा शिवलेला) हा गावच्या फुटबॉल संघाचा (अमेरिकेतला फुटबॉल, पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात) क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे दर खेळीला ज्याच्या हाती प्रथम चेंडू येतो तो. मग चेंडू कुणाला द्यायचा, लांब फेकायचा की घेऊन आपणच सुटायचं, हे नियमाप्रमाणे त्याने ठरवायचं नसतं. ठरवायला वेगळा माणूस असतो. तो कडेला उभा राहून क्रमांक पुकारतो. क्वार्टरबॅक मनगटावरच्या पट्टीत तो क्रमांक शोधतो, त्यापुढे लिहिलेली खेळी दहा सोबत्यांना वाचून दाखवतो आणि सगळे मिळून ती करतात. व्यवस्था निर्दोष आहे. तिच्यात एल्डन नसता तर ती चाललीही असती.

ठरवणारा माणूस होता नॉर्बर्ट झेलिन्स्की. चौतीस वर्षं गावच्या शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला, आणि एल्डनलाही त्यानेच शिकवलेलं. शाळेतही एल्डनचं उत्तर कधी बरोबर यायचं, कधी चूक. पायऱ्या मात्र वहीत कधीच नसायच्या. "पायऱ्या दाखव," असं नॉर्बर्टने त्या पोराला एवढ्या वेळा सांगितलं होतं, की तेवढ्या पायऱ्यांत माणूस चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन परत आला असता.

नॉर्बर्टने नऊ वर्षांची नोंद ठेवली होती. पुकारलेल्या खेळी दोन हजार एकशे चार. पुकारल्याप्रमाणे झालेल्या एकशे अकरा. त्यांतल्या एकशे सहा, एल्डनच्याच म्हणण्याप्रमाणे, योगायोगाने. उरलेल्या पाचांच्या वेळी धुकं होतं आणि काय झालं ते कुणालाच दिसलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये घंटा होती. नदीपलीकडच्या पाइन लँडिंग गावाशी होल्सबर्गचा दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सामना होतो. जुन्या होडीवरची पितळी घंटा जिंकणाऱ्या गावाला मिळते. ती काठावर टांगून रोज सकाळी सहाला, समोरच्या गावाच्या दिशेने, वाजवायचा हक्क त्याला वर्षभर असतो. होल्सबर्ग चार वर्षं हरलं होतं. त्या चार वर्षांत जन्मलेली मुलं घंटेला पहाटेचाच एक भाग समजू लागली होती. जुन्या माणसांची झोप मात्र चार वर्षांपूर्वी उडाली ती उडालीच.

संकट सार्वजनिक असलं की समिती नेमावी लागते. थेल्माच्या खाणावळीत बसणारी अंदाज समिती सात जणांची होती आणि तिचा अध्यक्ष गावचा न्हावी हर्शेल बुन होता (इतरांच्या डोक्याशी रोजचा संबंध ही त्याची पात्रता). एल्डन असा का वागतो, याची समितीने चौदा कारणं शोधली होती. त्यांत वाऱ्याची दिशा होती, गुडघा होता, घटस्फोटित बायको मैदानाच्या कोणत्या बाजूला बसली आहे हे होतं, आणि बाराव्या क्रमांकावर "स्वभाव" होतं. हे बारावं कारण अशास्त्रीय म्हणून वगळण्यात आलं. गावचं साप्ताहिक याहून व्यवहारी होतं. एल्डन जिंकला तर "अनुभवाचा धूर्तपणा" आणि हरला तर "म्हातारचळ" असे दोन मथळे सामन्याच्या आधीच जुळवून तयार असत. खालचा मजकूर दोन्हींना एकच चाले.

शत्रूची स्थितीही वेगळी नव्हती. होल्सबर्गच्या खेळींचं पुस्तक पाइन लँडिंगच्या हाती पूर्वीच लागलं होतं (होल्सबर्ग म्हणतं, चोरलं; पाइन लँडिंग म्हणतं, बाकावर सापडलं). त्यावर विश्वास ठेवून ते लागोपाठ दोन वर्षं हरले. मग त्यांचा प्रशिक्षक ऑर्व्हिल स्टंप याने ते कपाटात कुलूपबंद केलं आणि आपल्या खेळाडूंना एकच उपदेश केला, की काहीही होऊ शकतं असं समजून उभे राहा. नीट पाहिलं तर बहुतेक धर्मांचं सार यापेक्षा फार मोठं नाही.

नॉर्बर्टचं दुःख मात्र घंटेचं नव्हतं. त्याचं दुःख सदतीस क्रमांकाचं होतं.

खेळी क्रमांक सदतीस त्याने अकरा वर्षं आखली होती. कर्कटकाने, कोनमापकाने, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. तिच्यात दहा जण उजवीकडे असे धावत की त्यांच्या वाटांचे एकमेकींशी होणारे कोन सारखे भरत, आणि शेवटी एका मोकळ्या कोपऱ्यात चेंडू आणि माणूस एकाच क्षणी पोचत. ती त्याने चौसष्ट वेळा पुकारली होती. एकदाही झाली नव्हती. आता या सामन्यानंतर तो संघ सोडून बायकोसह मुलीकडे ॲरिझोनाला कायमचा जाणार होता. जाण्यापूर्वी सदतीस एकदा, फक्त एकदा, गवतावर बघायची, एवढंच त्याला हवं होतं. केस कापून घेताना तो हे हर्शेलपाशी बोलला. हर्शेलने ते कुणालाही न सांगण्याचं वचन दिलं आणि फक्त पलीकडच्या काठावर राहणाऱ्या चुलतभावाला सांगितलं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी नॉर्बर्टला थेल्माच्या खाणावळीत साक्षात्कार झाला. पलीकडच्या टेबलावर एल्डन बसला होता. त्याने पदार्थांचं कार्ड हाताच्या अंतरावर धरलं, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं आणि कांद्यातली कलेजी मागवली. त्या दिवशी थेल्माकडे ताजा चेरी-पाय होता, म्हणजे आत चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ.

नॉर्बर्टच्या डोक्यात रीतसर सिद्धता उभी राहिली. दिलेलं आहे: समोर चेरी-पाय लिहिलेला असताना माणूस राजीखुशीने कलेजी मागवत नाही. म्हणून, एल्डनला कार्ड वाचता येत नव्हतं. पट्टीवरची अक्षरं कार्डाच्या अक्षरांच्या पावपट, मुंगीच्या पायाएवढी. म्हणून, एल्डनला पट्टीही वाचता येत नाही. चष्म्याची लाज वाटते म्हणून तो नऊ वर्षं मनाला येईल ते सांगत आला आहे. हेच सिद्ध करायचं होतं.

नॉर्बर्टचा हात कॉफीच्या कपावर थांबला. चौदा कारणं, सात सभासद, दोन मथळे, आणि मूळ फक्त एवढं. हे त्याने हर्शेललाही सांगितलं नाही. माणसाची अब्रू असते.

सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याने एल्डनच्या हाती नवी पट्टी दिली. अक्षरं अंगठ्याएवढी होती. त्यामुळे त्रेसष्ट खेळींपैकी नऊच मावल्या होत्या, आणि नववी सदतीस होती. एल्डनने पट्टी बघितली, मग नॉर्बर्टकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"बरं, सर," तो म्हणाला. "आज तुम्ही म्हणाल तसं."

आणि त्याने तसं केलं. पहिल्या खेळीला नॉर्बर्टने बारा पुकारली आणि बारा झाली. त्याने चार पुकारली आणि चार झाली. नॉर्बर्टने चष्मा काढून पुसला, परत घातला. समोर त्याची आकृती चालत होती, धावत होती, तिला घाम येत होता. काहीही होऊ शकतं अशा तयारीत उभ्या असलेल्या पाइन लँडिंगला, सांगितलेलंच होईल, ही एकच शक्यता सुचलेली नव्हती. मध्यंतराला होल्सबर्ग चौदा, पाइन लँडिंग शून्य. लोक आनंदाने एकमेकांच्या अंगावर गरम रस्सा सांडत होते. अंदाज समितीने जागेवरच ठराव केला, की शिस्त हेच यशाचं रहस्य असून समिती हे पहिल्यापासून सांगत होती.

मध्यंतरात ऑर्व्हिल स्टंपने कपाट उघडायला माणूस पिटाळला.

उत्तरार्धात नॉर्बर्ट पुकारी, एल्डन वाची, आणि पाइन लँडिंगचे अकरा जण आधीच तिथे जाऊन उभे असत, जणू त्यांनाच बोलावलं होतं. चौदा-सात. चौदा-चौदा. चौदा-सतरा. एल्डन तरीही सांगितलं तेच करत राहिला. प्रेक्षकांतून आवाज आला, "अरे एल्डन, म्हातारपणी कसली रे अक्कल आली तुला!" समितीने ठराव फिरवला.

शेवटी घड्याळात एका खेळीपुरता वेळ उरला. जिच्यापलीकडे चेंडू नेला की सहा गुण मिळतात ती रेषा चार यार्डांवर होती. एल्डन कडेला आला. नॉर्बर्टला कळत होतं, की आता सगळं त्याच्या तोंडून निघणाऱ्या एका आकड्यावर आहे: गावाची झोप, आणि त्याची अकरा वर्षं.

"सदतीस," तो म्हणाला.

एल्डनने पट्टी बघितली. "सदतीस," त्यानेही म्हटलं, आणि जाऊन दहा जणांना तसंच वाचून दाखवलं.

मग नॉर्बर्टने पलीकडे पाहिलं. पाइन लँडिंगचे अकराच्या अकरा त्याच्या आकृतीवर उभे होते. जिथे लाल पेन्सिलीची रेघ वळते तिथे एक. जिथे निळी थांबते तिथे दोन. मोकळ्या कोपऱ्यात तर तिघे. पुस्तक त्यांच्याकडे होतंच, आणि नॉर्बर्ट शेवटी काय पुकारणार हे हर्शेलच्या चुलतभावामुळे गावभर झालं होतं. अकरा वर्षांत त्याची खेळी पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून वाचली होती. ते शत्रू होते, एवढंच.

चेंडू एल्डनच्या हाती आला. दहा जण उजवीकडे धावले, समसमान कोनांत. त्यांच्यामागे अकरा जण धावले. एल्डन चेंडू धरून उभा राहिला. मग त्याने डावीकडे तोंड फिरवलं आणि रेषेकडे चालू लागला. धावला नाही, चालला. डावा पाय जरा ओढत, भट्टी बघायला कुणाच्या तळघरात उतरावं तसा. पाइन लँडिंगच्या शेवटच्या माणसाने मागे वळून पाहिलं तेव्हा एल्डन रेषेपलीकडे उभा राहून चेंडूवरचा चिखल पुसत होता.

वीस-सतरा.

गर्दी ओसरल्यावर नॉर्बर्ट त्याला कपडे बदलायच्या खोलीत भेटला. एल्डन गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता.

"पट्टी वाचता आली नाही का रे?" नॉर्बर्टने हळूच विचारलं.

"न यायला काय झालं, सर? गोदामाच्या भिंतीवर लिहितात तेवढाली अक्षरं. मी म्हटलं, सरांचे डोळे गेले वाटतं. म्हणून तर दिवसभर तुम्ही सांगाल तसं करत होतो. जाता जाता म्हाताऱ्याला कशाला दुखवा."

नॉर्बर्ट बाकावर बसला. "आणि ती कलेजी?"

"कुठली कलेजी?"

"थेल्माकडची. कार्ड लांब धरून बघत होतास."

"तिची कार्डं चिकट असतात, सर. शर्टाला लागतात." एल्डनने बर्फ दुसऱ्या बाजूला फिरवला. "आणि मला कलेजी आवडते."

"मग सदतीस का नाही केलीस?"

"करणार होतो. पण ते सगळे तुमच्या चित्रावर पाय देऊन उभे होते. बघवेना. चांगली खेळी आहे ती, अशी वाया कशाला घालवायची? पुढच्या वर्षी बघू."

"असं कसं, एल्डन? काहीतरी विचार केला असशील. पायऱ्या सांग."

"पायऱ्या कसल्या, सर. चालत गेलो."

यानंतरच्या घडामोडी कागदोपत्री उपलब्ध आहेत. अधिकृत नोंदीत "खेळी क्र. ३७, यशस्वी" असं लिहिलं आहे, कारण पुकारलेली तीच होती. तीन जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांच्या शिबिरांत ती आता शिकवतात, आणि आकृतीत डावीकडे एक तुटक रेघ वाढवली आहे, तिच्याखाली "येथे चालावे" अशी सूचना आहे. नॉर्बर्ट चूक दुरुस्त करायला तीनदा गेला. तिन्ही वेळा त्याच्या विनयाचं कौतुक झालं. घंटा होल्सबर्गला आली आणि रोज सहाला वाजते. आवाज दोन्ही काठांना सारखाच जातो, ही बाब समितीच्या लक्षात अद्याप आलेली नाही. झोप न येण्याची नऊ कारणं मात्र सापडली आहेत. नॉर्बर्टची बायको ॲरिझोनाला पुढे गेली. तो पुढच्या नोव्हेंबरानंतर जाणार आहे.

एल्डन असंच करणार हे आपल्याला आधीच माहीत होतं, असं सांगणाऱ्यांची नावं लिहायला हर्शेलने दुकानात वही ठेवली. गावची लोकसंख्या तीन हजार नऊशे अठरा. वहीत आजवर चार हजार चारशे सहा नावं झाली आहेत (काही दिवंगतांची, नातेवाइकांच्या ग्वाहीवर). गावात एकट्या नॉर्बर्टचं नाव नाही. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की मला काही कळलं नव्हतं. अशा माणसासाठी वहीत रकानाच नाही.

आता तुमचं. थेल्माच्या टेबलावर एल्डनने कार्ड लांब धरलं, तेव्हाच तुम्ही चष्मा ओळखलात आणि बिचाऱ्या समितीला मनातून हसलातही. आता शेवटाला आल्यावर तुम्हाला आठवू लागलं असेल, की यात चष्म्याचा काही संबंध नसणार, अशी शंका तुम्हाला तेव्हाच आली होती. हरकत नाही. वही हर्शेलकडेच आहे. तुमचा क्रमांक चार हजार चारशे सात. सही करा, पायऱ्या दाखवायची गरज नाही.