न चाखता नापसंत

सबनीस साहेबांच्या पानात जिलेबी वाढली की ती तोंडात जाण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो.

‘पाक कच्चा आहे.’

‘खाऊन तर बघा, सर.’

‘रंगावरून कळतं. चाखायचं काय त्यात?’

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात आणि ऑफिसातही माझ्या वरच आहेत. मला खाली-वर कुठेच सुटका नाही. त्यांनी आजवर असंख्य गोष्टी न चाखता, न वाचता आणि न बघता नापसंत केल्या आहेत. फाइल ते सुतळीच्या गाठीवरून ओळखतात. गणेशोत्सवातलं नाटक त्यांनी पडदा वर जाण्याआधी पाडलं. माझ्या मेव्हण्याचं लग्न पत्रिकेच्या कागदावरून नापसंत केलं. दुर्दैवानं ते लग्न पुढे खरंच मोडलं, आणि त्या दिवसापासून माणसाला आवरणं कठीण झालं.

मी त्यांची टिंगल करतो, पण त्यांच्यासमोर कधी केली नाही, हे आधीच कबूल करतो. त्याहून वाईट एक गोष्ट कबूल करायची आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता. चांगली रसायनशास्त्र शिकलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं वाइनचा कोर्स केला आणि मानेसरच्या पुढे एका वाइनरीत नोकरी धरली. साहेबांनी अर्थातच ती नापसंत केली. मुक्ता माझ्याकडे आली. ‘काका, तुम्ही समजवा ना बाबांना. तुमचं ऐकतील.’

मी वर गेलो. साहेब म्हणाले, ‘तुमचं काय मत?’ त्यांच्या टेबलावर माझा वार्षिक गोपनीय अहवाल पडला होता. सही व्हायची होती. मी म्हणालो, ‘दारू ती दारूच, सर.’

‘बिल्कुल!’ साहेब म्हणाले.

आठ दिवसांत मुक्ता घर सोडून गेली. मला अहवालात ‘उत्कृष्ट’ मिळालं. मुक्ताची आई त्याआधीच वारली होती, त्यामुळे वरच्या घरात उरले फक्त साहेब आणि त्यांची मतं.

गेल्या महिन्यात मुक्ताचा फोन आला. ती फ्रान्सला चालली होती, द्राक्षमळ्यात काम करायला, निदान तीन वर्षांसाठी. ‘शनिवारी माझा इथला शेवटचा दिवस. बाबांना एकदा घेऊन या, काका. मी काय करते ते त्यांनी एकदा बघावं, एवढंच. नाही बोलले तरी चालेल.’

मी भीत भीत सांगितलं. साहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, ‘चलो. तुम्हाला एकट्याला रस्ता सापडायचा नाही.’

वाइनरी अरवलीच्या टेकडीवर होती. साहेबांनी ती पायथ्यापासून नापसंत करायला घेतली. ‘द्राक्षं नाशिकची, पाणी टँकरचं, आणि टेकडी खाणवाल्यांच्या हातून चुकून राहिलेली. यांचं स्वतःचं आहे काय?’ शोभेसाठी लावलेले दहा-बारा धुळकट वेल बघून ते नुसतेच ‘हं’ म्हणाले.

वरच्या दालनात गुडगावची चार जोडपी ग्लासात नाक खुपसून उभी होती. प्यायला आलेली माणसं हुंगण्याचं एवढं नाटक का करतात, देव जाणे. टेबलावर चाखलेली वाइन थुंकायला एक भांडं होतं. साहेब म्हणाले, ‘पहाडगंजात भिंतीवर लिहितात, थुंकू नका. इथे चांदीचं भांडं देतात!’

आणि काळा एप्रन बांधलेली मुक्ता बाटली घेऊन समोर आली. तिनं वडिलांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

ती सगळ्यांना हिंदीत समजावू लागली. आधी रंग बघा, मग वास घ्या, घाई करू नका. साहेबांपुढचा ग्लास तसाच भरलेला.

‘अंकल, आप नहीं लेंगे?’ एका पोरसवदा नवऱ्यानं विचारलं.

‘मुझे मालूम है कैसी है.’

‘बिना चखे?’ सगळे हसले. मीही हसलो. साहेबांना कुणीतरी तोंडावर बोललं, याचा मला आनंद झाला.

त्याच्या बायकोनं मुक्ताला विचारलं, ‘आपने ये सब सीखा कहाँ?’

मुक्तानं बाटली टेबलावर टेकवली. ‘घर पे,’ ती म्हणाली. ‘बाबा आम की पेटी लाते थे. एक एक आम मेरी नाक के पास पकड़ते और पूछते, ये किस दिन पकेगा? जब तक मैं सही नहीं बताती, काटने नहीं देते थे. कॉलेज में तो बस नाम सीखे.’

साहेबांची नजर छतावरून खाली आली. त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. झालं, आता उठून चालू लागणार, असं मला वाटलं. पण त्यांनी उजवा हात पुढे केला, तळव्याची खोलगट पळी करून, खाली डावा हात धरून.

‘ग्लासात नको. इथे घाल थेंबभर.’

मुक्तानं बाटली वाकडी केली. साहेबांनी डोळे मिटून ती वाइन प्यायली, आणि देवळात तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा ओला हात नकळत डोक्यावरून फिरवला.

एक बाई फिसकन हसली. आपण काय केलं ते साहेबांच्या लक्षात आलं असावं. ते कानापर्यंत लाल झाले.

‘आंबट आहे,’ ते म्हणाले.

‘असायलाच हवी, बाबा.’

‘हं. वाईट नाही.’

मी साहेबांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आहेत. ‘वाईट नाही’ हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला तिथे उभं राहवेना. मी दाराकडे वळलो, तरी कान मागेच होते.

‘विमान कधी आहे?’

‘मंगळवारी.’

‘मग उद्या घरी ये.’ साहेब घुटमळले. ‘आमटी हल्ली मीच करतो. काहीतरी कमी पडतं, आणि मला कळत नाही काय ते. तू जरा चाखून सांग.’