थॉर्सनच्या टोपीवरचं फुलपाखरू

आमच्या विस्कॉन्सिनात वसंत येतो तो कॅलेंडरवर. अंगणात बर्फच असतो. तरी वर्षातलं पहिलं फुलपाखरू दरवेळी शेजारच्या थॉर्सनच्या आवारात हजर! आमच्या फुलपाखरू मंडळाचा नियमच आहे, ज्याच्या आवारात दिसेल त्याचा मान. मग पॅनकेकच्या न्याहारीला तो मुख्य खुर्चीत बसतो आणि मी त्याचं अभिनंदन करतो. (हसत. जबडा दुखेपर्यंत.) खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होतो.

यंदा ठरवलं, बस्स! पार्सलीच्या पानांवरच्या अळीचा कोष मी सप्टेंबरातच बरणीत घालून गॅरेजच्या थंडीत ठेवला होता. तो मेपर्यंत झोपायचा. मी मार्चमध्येच त्याला उचलून स्वयंपाकघरात आणलं. कोषाला काय कळतंय? ऊब लागली की वसंत!

"बरणीत काय आहे?" बायकोने, म्हणजे लॉर्नाने, विचारलं.

"लोणचं."

काही दिवसांनी तिची हाक आली, "ऑर्विन, तुझ्या लोणच्याला पंख फुटलेत!"

मी धावत फुलपाखरू अंगणात नेलं. ऊन होतं, पण वारा असा बोचरा की पठ्ठ्या हलेना. मग मी लॉर्नाचा हेअर ड्रायर आणला आणि बर्फात गुडघे टेकून त्याला शेकायला लागलो.

"अरे, थॉर्सन बघतोय!"

"बघू दे! साक्षीदार हवाच."

अंगात ऊब शिरली, पंख थरथरले आणि माझा सहा महिन्यांचा लाडका कुंपण ओलांडून थेट थॉर्सनच्या लोकरी टोपीवर जाऊन बसला.

"पहिलं आमच्याकडे!" थॉर्सन ओरडला.

न्याहारीला तो पुन्हा त्या खुर्चीत. "एवढ्या गारठ्यात? कमाल आहे!" मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नशीब!" असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला.

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो. "रद्द करा! नियमाप्रमाणे घरात वाढवलेलं चालत नाही. ते मी वाढवलंय! स्वयंपाकघरात! बरणीत!"

लॉर्नाने कपाळावर हात मारला.

"बरोबर आहे त्याचं," थॉर्सन शांतपणे म्हणाला. "मग परवा माझ्या सरपणावर ऊन खात बसलेलं दुसरं लिहा. हिवाळाभर लाकडाच्या सालीखालीच झोपलं होतं ते, त्या जातीची सवयच तशी. एक झालंय, दुसऱ्याची कशाला बढाई मारायची, म्हणून बोललो नव्हतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात काही उठेनात, म्हणून माझ्या वाटच्याही लॉर्नानेच वाजवल्या.